अधिक वजनाच्या नवशिक्या धावकांमधील थकवा आणि विश्रांतीचे नियोजन : घनसावंगी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीज संज्ञा : धावणे, अधिक वजन, थकवा, विश्रांती, झोप, दुखापत

प्रस्तावना

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान होय. बलोपासनेचा पुरस्कार करणाऱ्या या परंपरेमुळे परिसरात व्यायामाविषयी आदराची भावना आहे. तथापि व्यायामाविषयीच्या प्रचलित धारणेत मेहनतीला जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे विश्रांतीला दिले जात नाही. घाम गाळणारा तो कष्टाळू आणि थांबणारा तो आळशी, अशी सोपी विभागणी केली जाते. निरोगी तरुणाच्या बाबतीत ही धारणा फारशी बाधक ठरत नाही. परंतु अधिक वजनाची, बैठे काम करणारी, मध्यमवयीन व्यक्ती धावण्यास प्रारंभ करते तेव्हा हीच धारणा तिच्या अपयशाचे प्रमुख कारण ठरू शकते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील जवळपास एक चतुर्थांश स्त्री-पुरुष अधिक वजनाचे आहेत. अध्यापनाचा व्यवसायही याला अपवाद नाही. चाळिशीच्या सुमारास रक्तातील साखर किंवा रक्तदाब वाढल्याचे तपासणीत आढळते, डॉक्टर वजन कमी करण्याचा सल्ला देतात आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे मैदानावर धावणे सुरू होते. पहिले दोन आठवडे उत्साहात जातात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी किंवा गुडघा दुखू लागतो, दिवसभर अंग जड वाटते आणि व्यायाम बंद पडतो. पुढे ‘धावणे आपल्या प्रकृतीला मानवत नाही’ असा समज कायमचा रूढ होतो. हे अपयश बहुतेक वेळा इच्छाशक्तीचे नसून नियोजनाचे असते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

शरीरावर पडणारा भार

धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून शरीरावर येणारा दाब शरीराच्या वजनाच्या साधारणतः दोन ते तीन पट असतो. म्हणजे 60 किलो वजनाच्या व्यक्तीच्या पायावर दर पावलाला 120 ते 180 किलो, तर 90 किलो वजनाच्या व्यक्तीच्या पायावर 180 ते 270 किलो इतका भार येतो. सावकाश धावताना एका किलोमीटरला हजाराहून अधिक पावले पडतात. चालताना एक पाय सदैव जमिनीवर असल्याने हा भार वजनापेक्षा थोडाच अधिक राहतो. यावरून दोन्ही क्रियांतील फरक केवळ वेगाचा नाही, हे लक्षात येते.

अधिक वजनाच्या व्यक्तीला तेवढेच अंतर कापण्यासाठी अधिक ऊर्जाही खर्च करावी लागते. धावताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागे सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. त्याचबरोबर शरीराच्या वस्तुमानाच्या तुलनेत त्वचेचे क्षेत्रफळ कमी असल्याने निर्माण झालेली उष्णता बाहेर टाकणे कठीण जाते. म्हणून एकाच मैदानावर, एकाच वेळी, एकाच वेगाने धावणाऱ्या दोन व्यक्तींचा थकवा सारखा नसतो.

असमान गतीने होणारे अनुकूलन

व्यायामाने शरीर बळकट होते हे विधान अर्धसत्य आहे. व्यायामाच्या वेळी शरीराची झीज होते. बळकटी येते ती त्यानंतरच्या विश्रांतीत. हान्स सेल्ये यांनी 1936 मध्ये ताणाला शरीर देत असलेल्या प्रतिसादाची मांडणी केली. ताण, प्रतिकार आणि ताण न थांबल्यास अखेर थकून जाणे, हा त्या मांडणीतील क्रम पुढे क्रीडाप्रशिक्षणशास्त्रानेही स्वीकारला.

नवशिक्या धावकाची खरी अडचण अशी की शरीराचे सर्व भाग एकाच गतीने बळकट होत नाहीत. हृदय, रक्ताभिसरण आणि श्वसन यांची क्षमता काही आठवड्यांतच सुधारू लागते. स्नायूही तुलनेने लवकर सावरतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांचे मात्र तसे नाही. भार पडल्यानंतर पहिला दीड दिवस तेथे घडणीपेक्षा मोड अधिक होते आणि घडणीचे पारडे त्यानंतर जड होते. हाडांमध्ये जुना भाग झिजून नवा तयार होण्याचे एक आवर्तन पूर्ण होण्यास सुमारे तीन ते चार महिने लागतात. झिजेचा टप्पा आधी येत असल्याने प्रारंभीच्या आठवड्यांत हाड काही काळ अधिक नाजूकच असते.

याचा अर्थ असा की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम लागणे कमी होते, आत्मविश्वास वाढतो आणि धावक अंतर वाढवतो. नेमक्या त्याच काळात त्याची हाडे व कंडरा मागे राहिलेल्या असतात. वजन जेवढे अधिक, तेवढी ही तफावत महाग पडते. विश्रांतीचे प्रमाण सर्वांत वेगाने सुधारणाऱ्या फुप्फुसांवरून नव्हे, तर सर्वांत सावकाश सावरणाऱ्या हाडांवरून आणि कंडरांवरून ठरवले पाहिजे. हेच या विषयातील मूलभूत तत्त्व होय.

डेन्मार्कमधील नवशिक्या धावकांच्या अभ्यासात 30 पेक्षा अधिक बॉडी मास इंडेक्स असणाऱ्यांत दुखापतीचा धोका अधिक आढळला. दुसरीकडे नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर आठवड्याला सुमारे दहा टक्के वाढ करणाऱ्या गटात आणि नेहमीच्या कार्यक्रमाने धावणाऱ्या गटात दुखापतींचे प्रमाण जवळपास सारखेच, म्हणजे सुमारे वीस टक्के राहिले. केवळ वाढीचे गणित पाळणे पुरेसे नाही, असा याचा अर्थ घेता येतो. प्रारंभ कोठून केला आणि शरीराच्या संकेतांना कसा प्रतिसाद दिला, याकडेही लक्ष द्यावे लागते.

थकव्याचे प्रकार

‘थकवा’ या एकाच शब्दाने चार भिन्न अवस्था ओळखल्या जातात. पहिला तात्कालिक थकवा. धावताना दम लागतो, पाय जड होतात. थांबल्यावर काही मिनिटांत हे ओसरते. हा अपेक्षितच आहे.

दुसरा स्नायूंचा थकवा. व्यायामानंतर 24 ते 72 तासांत मांड्या व पोटऱ्या दुखतात. दुखणे दोन्ही पायांत आणि पसरलेले असते, हालचालीने ते कमी होते. याकरिता सावकाश चालणे पुरेसे असते.

तिसरा साचलेला थकवा. झोपूनही ताजेतवाने न वाटणे, चिडचिड, वर्गात एकाग्रता न होणे, पूर्वी सहज जमणारे अंतर कठीण वाटणे, ही याची लक्षणे होत. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी एक मिनिट नाडी मोजून नोंद ठेवल्यास तो ओळखण्यास साहाय्य होते. नाडी सलग काही दिवस नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी अधिक राहिली तर व्यायाम कमी करणे इष्ट होय.

चौथा आजारजन्य थकवा. याच राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. थायरॉइडची न्यूनता, अनियंत्रित मधुमेह, ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता आणि झोपेत श्वास अडखळण्याचा विकार हीदेखील थकव्याची कारणे आहेत. मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या व्यक्तीचा थकवा व्यायामाच्या अभावामुळे आहे असे गृहीत धरणे धोक्याचे ठरते. असा थकवा निग्रहाने दूर होत नाही. त्यासाठी तपासणीच आवश्यक आहे.

अनुकरणाचा धोका

मराठवाड्यात धावण्याविषयी बोलताना अविनाश साबळे यांचे उदाहरण हमखास दिले जाते. गोदावरीपलीकडील बीड जिल्ह्यातील मांडवा या गावी जन्मलेल्या साबळे यांनी सैन्यात भरती झाल्यानंतर 2015 पासून स्पर्धात्मक धावण्यास प्रारंभ केला. त्यावेळी वाढलेले वजन त्यांनी प्रशिक्षणाच्या काळात मोठ्या प्रमाणात कमी केले. 2018 मध्ये त्यांनी 3000 मीटर स्टीपलचेसमधील 37 वर्षे अबाधित राहिलेला राष्ट्रीय विक्रम मोडला, 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि हांगझाऊ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले.

हे उदाहरण प्रेरणादायी असले तरी त्यातून ‘वजन धावून झपाट्याने उतरवता येते’ एवढाच बोध घेणे अपुरे ठरेल. विशीतील सैनिकाच्या दिनक्रमात आहार, झोप आणि प्रशिक्षकाची देखरेख यांची व्यवस्था सरावाइतकीच निश्चित असते. वर्गात तीन-चार तास उभे राहणारी आणि जालना किंवा छत्रपती संभाजीनगरहून रोज ये-जा करणारी व्यक्ती तोच सराव करते, तेव्हा ही व्यवस्था तिच्यापाशी नसते. तालमीतील वस्तादही मेहनतीनंतर मालिश, खुराक आणि दुपारची झोप यांचा आग्रह धरतो.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबर धावणे हा आणखी एक मोह आहे. या भरतीत पुरुषांसाठी 1600 मीटर आणि महिलांसाठी 800 मीटर धावण्याची वेळेनुसार गुण देणारी चाचणी असते. त्यांचा सराव त्या वेळेसाठी असतो. प्राध्यापकाने विद्यार्थ्यांचा वेग धरणे म्हणजे वेगळ्या परीक्षेचा अभ्यास करण्यासारखे आहे.

विश्रांतीचे व्यावहारिक नियोजन

प्रथम सलग 30 मिनिटे वेगाने चालणे आठवड्यातून चार-पाच दिवस सहज जमेपर्यंत धावणे सुरू करू नये. याला चार ते सहा आठवडे लागू शकतात. त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस, उदाहरणार्थ सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी, एक मिनिट सावकाश धावणे व दोन मिनिटे चालणे अशी आठ आवर्तने करावीत. मधले चालणे ही कमकुवतपणाची खूण नसून धावण्याच्या आत योजलेली विश्रांती आहे. धावताना पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवावा.

लागोपाठच्या दोन दिवशी धावू नये. मधल्या दिवशी चालणे, सायकल किंवा मांड्या-पोटऱ्यांचे बळ वाढवणारे हलके व्यायाम चालतात. आठवड्यातील एक दिवस पूर्ण विश्रांतीचा असावा. दर चौथ्या आठवड्यात एकूण धावणे सुमारे एक तृतीयांशाने कमी करावे. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू न ठेवणाऱ्या शेतकऱ्याला विश्रांतीचे मोल निराळे सांगावे लागत नाही. तोच न्याय स्वतःच्या शरीराला लावणे एवढेच अपेक्षित आहे.

झोप ही सर्वांत महत्त्वाची विश्रांती होय. प्रौढांना किमान सात तासांची झोप आवश्यक मानली जाते. रात्री बारापर्यंत उत्तरपत्रिका तपासून पहाटे पाचला धावणे हा निर्धार दिसत असला तरी व्यवहारात तोट्याचा सौदा आहे. घरकामासाठी आधीच पहाटे उठणाऱ्या प्राध्यापिकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. त्यांना व्यायामासाठी झोपेतून वेळ काढण्यास सांगण्यापेक्षा घरातील कामाची वाटणी बदलणे हाच शास्त्रीय उपाय आहे. झोप पाच तासांहून कमी झाली असल्यास त्या दिवशी धावण्याऐवजी चालावे. कडक उपवासाच्या दिवशीही हाच नियम पाळावा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी उपाशीपोटी धावण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या पुढे जातो. शरीराला उष्णतेची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून उन्हाळ्यात प्रारंभ करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अनुकूल असला तरी तो ऊसतोडणीचा हंगामही असतो. अंधारात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ असलेल्या रस्त्यापेक्षा महाविद्यालयाचे मातीचे मैदान केव्हाही श्रेयस्कर.

थांबण्याचे संकेत

हाडावर एका बोटाने दाखवता येईल असे दुखणे, लंगडावयास लावणारी वेदना, तसेच विश्रांतीतही किंवा रात्री ठणकणे, या स्थितीत धावणे बंद करून वैद्यकीय सल्ला घ्यावा. छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, भोवळ, अनियमित धडधड किंवा अचानक वाढलेला दम ही तातडीची लक्षणे होत. अशा वेळी ‘एवढी फेरी पूर्ण करू’ हा विचार जीवघेणा ठरू शकतो. चाळिशी ओलांडलेल्या आणि मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकाराचा कौटुंबिक इतिहास असलेल्या व्यक्तींनी प्रारंभापूर्वीच तपासणी करून घ्यावी.

निष्कर्ष

1. अधिक वजनाच्या नवशिक्या धावकात श्वसनाची क्षमता लवकर, तर हाडे व कंडरा सावकाश बळकट होतात. विश्रांतीचे प्रमाण सावकाश बळकट होणाऱ्या घटकांवरून ठरवावे.

2. थकव्याचा प्रकार ओळखल्याशिवाय त्यावर उपाय करता येत नाही. साचलेला आणि आजारजन्य थकवा अधिक मेहनतीने वाढतो.

3. एक दिवसाआड धावणे, मध्ये चालणे, चौथ्या आठवड्यातील सवलत आणि सात तासांची झोप हे सरावाचेच घटक आहेत.

4. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटांचा मध्यम व्यायाम पुरेसा मानला आहे. वेगाने चालण्यानेही तो पूर्ण होतो. त्यामुळे धावण्याची घाई करण्याचे आरोग्यदृष्ट्या कोणतेही कारण नाही.

5. पहिल्या महिन्यात किती किलोमीटर धावले यापेक्षा सहाव्या महिन्यात ती व्यक्ती मैदानावर आहे की नाही, हेच यशाचे योग्य मोजमाप होय.