माया पुरे, टाका बघा

दिवाळी अंकात गोधडीवर लेख म्हटला की पहिल्या ओळीत आजी येते, दुसरीत ऊब आणि तिसरीत डोळ्यांत पाणी. आजीबद्दल माझी तक्रार नाही, उबेबद्दल तर नाहीच. पण या मायेच्या पुरात एक गोष्ट वाहून गेली. गोधडी शिवणारी बाई रंगांचा विचार करते, चौकट आखते, मनासारखं झालं नाही तर उसवते. चाळीस-पन्नास वर्षं ती हेच करत राहिली तर तिच्या कामातही उमेदवारी, भर आणि उतारवय असे टप्पे पडतात. चित्रकाराचे असे टप्पे आपण हौसेनं शोधतो. गोधडीवालीची कला मात्र अंगावर ओढून खुशाल झोपतो.

रजईत पिंजाऱ्यानं पिंजलेला कापूस असतो. गोधडीत भरण काही नाही, नुसतं कापडावर कापड. जुनं नऊवारी लुगडं, धोतर, कुणाचा सदरा. हे थर जमिनीवर पसरायचे, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, हाताला येईल ते वजन ठेवून ताणायचे आणि लांब कच्च्या टाक्यांनी जखडायचे. मग शिवणारी गोधडीवरच बसते आणि धावदोरा घालत सरकत जाते. कुणी सरळ ओळी घालतं, कुणी काठापासून चौकोनात चौकोन करत मध्यावर येतं. एका ठिकाणी चुणी राहिली की ती पुढच्या दहा ओळींत त्रास देते. कोल्हापूर-सांगलीकडे हिला वाकळ म्हणतात. बाळाच्या अंगाखाली घालायचं ते दुपटं. इरकलीचे काठ आणि खणाचे तुकडे चौकटीसाठी राखून ठेवायचे, ही जुनी रीत.

माझ्या आत्याकडे तिच्याच हातच्या तीन वाकळा आहेत. पहिली लग्नानंतरच्या वर्षांतली, सासूच्या नजरेखाली शिवलेली. टाके तांदळाच्या दाण्याएवढे, ओळी दोरी लावल्यासारख्या, चहूबाजूंनी लाल काठ. देखणी आहे, पण तिच्यात कुठं धाडस नाही. दुसरी पोरं शाळेत जात होती तेव्हाची. खाकी चड्ड्यांचं कापड, शर्टांच्या पाठी, टाका लांब, एका कोपऱ्यात ओळी तिरक्या गेलेल्या. मध्ये एक खणाचा चौक आहे, आणि त्याच्याभोवती मात्र टाका पुन्हा बारीक. वेळ थोडा होता, तो कुठं खर्चायचा हे बाईंनी नेमकं ठरवलं होतं. तिसरी साठीनंतरची. डोळ्यांत मोतीबिंदू, पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा दिसेना म्हणून तिनं लाल दोरा ओवला. इतकी वर्षं कापडात लपणारा टाका त्यामुळे वर आला. रेघ दिसते म्हटल्यावर ती रेघेला वळणं देऊ लागली. पुढं ऑपरेशन झालं, लख्ख दिसायला लागलं. दोरा लालच राहिला. याच वाकळेत एक हिरवा तुकडा मधोमध न ठेवता एका अंगाला सरकवलाय. कारण विचारलं तर म्हणाली, "मधी ठिवला की नजर गप बसती. जरा हिंडू दे की तिला." रचनेवरचं एवढं नेमकं वाक्य मी कलाशाळेतही क्वचित ऐकलंय.

गोधडीच्या बंगालमधल्या बहिणीचं, कांथेचं, नशीब वेगळं निघालं. सनदी नोकरीत असलेल्या गुरुसदय दत्तांनी गावोगावच्या कांथा जमवल्या. त्या आज कोलकात्याजवळ जोका इथल्या त्यांच्या नावाच्या संग्रहालयात आहेत. त्यातली मानदासुंदरी दासीची कांथा प्रसिद्ध आहे. तिनं ती वडिलांसाठी केली आणि मजकूरही सुईनंच भरला, म्हणून तिचं नाव आपल्याला ठाऊक आहे. कला-इतिहासकार स्टेला क्रामरिश यांनी 1939 साली कांथेवर निबंध लिहिला, आणि कलेच्या अभ्यासकांना कांथेकडे बघायची सवय लागली. गोधडीला असं कुणी वेळेवर भेटलं नाही. मला वाटतं, यात थोडा दोष आपल्या नजरेचाही आहे. कांथेवर हत्ती, पालख्या, कमळं असतात, ती ओळखता येतात. गोधडीत बहुतेक वेळा चित्र नसतं, भूमिती असते, आणि घरगुती वस्तूतली भूमिती आपल्याला 'कला' वाटतच नाही. पुढं गीता खंडेलवाल या स्वतः क्विल्ट करणाऱ्या कलावतीनं महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर सचित्र पुस्तक केलं. ते इंग्रजीत आहे.

उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलपट्टीत सिद्दी बायका गोधडीच्याच जातीची कवंडी शिवतात. सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. त्यांतल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले, आणि कितीतरी जण तिथून निसटून घाटावरच्या रानात शिरले. त्यांच्या बोलीत कोकणी आहे, मराठीची सरमिसळही आहे. कवंडीची शिवण कडेपासून सुरू होऊन फेऱ्या घेत मध्याकडे जाते, तुकडे जाता जाता जोडले जातात. आखलेला नकाशा नसतो. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या बसवतात, त्यांना 'फुला' म्हणतात. त्या नसल्या तर कवंडी उघडी राहिली असं मानतात. ख्रिस्ती घरातल्या कवंडीत क्रूस दिसतो, मुसलमान घरातल्या कवंडीत चंद्रकोर. अमेरिकी कला-इतिहासकार हेन्री ड्रुअल यांनी या बायकांसोबत काम केलं आणि 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या शॉमबर्ग केंद्रात कवंड्या भिंतीवर लागल्या. कवंडीपासून पणजी काही तासांवर आहे, कोल्हापूरही फार लांब नाही. तरी तिनं न्यूयॉर्क गाठलं!

लोकरीच्या घोंगडीचं गणित निराळं, तिथं एका माणसाचं काम कधीच नसतं. धनगर दख्खनी मेंढी कातरतो, घरातल्या बायका लोकर कातून सूत करतात, सनगर खड्ड्याच्या मागावर विणतो. ताण्याला चिंचोक्याची खळ चढते, तिच्यामुळे खरखरीत सूत माग सोसतं. रंग मेंढीच्या अंगचाच, काळा, करडा किंवा पांढरा. विणकराच्या नावानं घोंगडी विकली जाते. कातणारीचं नाव तिथंही मागेच. खरं तर पीळ कमीजास्त झाला की मागावर लगेच कळतं, म्हणजे अर्धी घोंगडी तिच्याच बोटांत ठरलेली असते. आता मेंढी मांसासाठी पाळली जाते, तसे संकर केले जातात आणि लोकरीला पुष्कळदा कातरणीची मजुरीही सुटत नाही. म्हाताऱ्या बायकांचा हात आहे, पण कातायला चांगली लोकर कमी.

गोधडीवरचं संकट कपाटातून आलं. सुती लुगडी गेली, पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. ते कापड घाम शोषत नाही, धुऊन मऊ पडत नाही, थर एकमेकांवरून घसरतात. त्यात पानिपतची ब्लँकेटं स्वस्त. तरीही शहरांतल्या वस्त्यांत गोधडी शिवून देणाऱ्या बायका आहेत, आणि काही बचत गट प्रदर्शनांतून विक्रीही करतात. तिथं आता गिऱ्हाईक मोबाइलवरचा फोटो दाखवून "अगदी अशीच" मागतं. फिकट रंग हवेत, चौकोन सारखे हवेत, तुकड्यांची जागा ठरलेली. पैसे बरे मिळतात, तेव्हा शिवणाऱ्या बायकांना नावं ठेवायचं मला कारण नाही. पण उमेदवारीतल्या आत्यानं सासूच्या धाकानं शिवली होती तशीच ही गोधडी असते, फक्त सासूच्या जागी गिऱ्हाईक. आपल्या साड्यांची पिशवी देऊन "तुम्हाला जमेल तशी लावा" म्हणणारी गिऱ्हाइकं अजून आहेत. अशा वेळी शिवणारी आधी सगळे तुकडे फरशीवर मांडते, उठून भिंतीपाशी जाते, डोळे बारीक करून बघते, येऊन दोन तुकड्यांची अदलाबदल करते. मजुरी ठरते ती गोधडीच्या आकारावर. या मांडामांडीचे पैसे कुणी धरत नाही.