गोठ्यातलं विज्ञान, लेखांक ७ : गोचिडाचा पत्ता

लाळ्या-खुरकुतीची लस मागच्या आठवड्यात झाली. आज गोचीड.

वाणगाव म्हटलं की लोकांना मिरची आठवते, फार तर चिकू. गोठे कुणाच्या ध्यानात येत नाहीत. तिथल्याच एका गोठ्यात काकांनी गाईच्या मानेची पोळी उचलून आतली बाजू दाखवली. एरंडीच्या बियांसारखे टपोरे, करडे गोचीड ओळीनं चिकटलेले. (एरंडाच्या शास्त्रीय नावातलं ‘रिसिनस’ म्हणजे लॅटिनमध्ये चक्क गोचीड. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं गाय पाहिली असणार.) “आठच दिवस झाले फवारून. औषधच डुप्लिकेट निघालं,” काका म्हणाले.

औषध डुप्लिकेट असेलही. पण बहुतेक वेळा चूक पत्त्याची असते. आपण फवारतो गाईवर, आणि गोचिडांची निम्मी वस्ती असते भिंतीत.

गाईवरचा आपला नेहमीचा गोचीड तिच्या अंगावर जेमतेम तीन आठवडे काढतो. पोट भरलेली मादी गळून पडते, तीही बहुधा सकाळच्या प्रहरी. भेगेत, शेणाखालच्या ओलीत शिरून दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून निघालेली पिल्लं मोहरीपेक्षा बारीक. ती गवताच्या टोकावर चढून पुढचे पाय पसरून बसतात. वास, ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड ओळखणारं इंद्रिय त्या पायांतच असतं. गाय जवळून गेली की पाय अडकवायचे. नाही आली, तर महिनोन्‌महिने उपाशी थांबायची त्यांची तयारी असते. फवाऱ्यानं अंड्यांचं काही बिघडत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारावं लागतं. आपण नेमके तेव्हा कंटाळतो.

दुसरा एक गोचीड आहे हायलोमा, पायांवर फिकट पट्टे असलेला. हा वाट पाहत बसत नाही. गुराच्या दिशेनं चालत येतो. सप्टेंबर २०२० मध्ये पालघर जिल्ह्याच्या पशुसंवर्धन यंत्रणेनं काँगो तापाबद्दल सावधगिरीचा इशारा दिला, तो याच्यामुळे. तलासरी ओलांडली की गुजरात, आणि गुजरातेत २०११ मध्ये साणंदजवळ हा ताप माणसांत सापडला होता. विषाणू ओळखला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं. गुरांमध्ये याचं एकही लक्षण दिसत नाही. माणसांत मात्र शंभरात दहा ते चाळीस रुग्ण दगावतात. तेव्हा गोचीड नखानं चिरडायची आपली जुनी सवय सोडलेली बरी. चिमट्यानं ओढावा, रॉकेलच्या डब्यात टाकावा.

आता औषधाकडे. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं. आज ते नागपूरला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आहे. अशा महाविद्यालयांत परोपजीवीशास्त्र हा स्वतंत्र विभाग असतो. औषध लागू पडतं का, हे पाहायची तिथली एक रीत मोठी साधी आहे. पोट भरलेल्या माद्या नळीत ठेवून अंडी घालू द्यायची. निघालेली पिल्लं औषधात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या पुडीत, किराणा दुकानातल्या जिऱ्यासारखी, बंद करायची. चोवीस तासांनी पुडी उघडून मेलेली किती, चालणारी किती, ते मोजायचं. नेमक्या मात्रेतही चालणारी जास्त निघाली, तर ती जात औषधाला सरावली. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन या ओळखीच्या औषधांना सरावलेले गोचीड भारतात अनेक ठिकाणी सापडले आहेत. झाकणाच्या अंदाजानं पातळ केलेलं औषध म्हणजे त्यांची शिकवणीच.

जाता जाता एक तक्रार नोंदवतो. कीटकांमुळे रोग पसरतो म्हटलं की आपल्याला रोनाल्ड रॉस, सिकंदराबाद आणि १८९७ चा डास आठवतो. त्याच्या चार वर्षं आधी, १८९३ मध्ये, अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि पशुवैद्य फ्रेड किलबोर्न यांनी गुरांचा टेक्सास ताप गोचिडामुळे पसरतो हे सिद्ध करून छापलं होतं. शाळेच्या पुस्तकात गोचिडाला जागा मिळाली नाही.

भिंतीच्या भेगा ब्लोलॅम्पनं शेकून काढा, असा सल्ला छापील पत्रकांत असतो. सिमेंटच्या गोठ्यात तो ठीक. काकांचा गोठा कारवीच्या कुडाचा, वर पावळीचा भारा रचलेला. तिथं ज्योत नेली तर गोचिडांबरोबर गोठाही जायचा. आम्ही तो विचार सोडला. कूड नव्यानं लिंपायचा, खाली चुना टाकायचा, औषध मापानं घ्यायचं आणि दुसऱ्या फवाऱ्याची तारीख कॅलेंडरवर लिहायची, एवढं ठरलं.

काकूंनी मात्र कॅलेंडरकडे पाहिलंही नाही. “कोंबड्या उशिरा सोडता तुम्ही,” त्या काकांना म्हणाल्या. गावठी कोंबडी गोचीड टिपते, आणि पोट भरलेल्या माद्या गळतात त्या सकाळीच. दुसऱ्या दिवसापासून खुराडं उजाडताच उघडायचं ठरलं, पण फवाऱ्याचा दिवस सोडून. त्या दिवशी कोंबड्या कोंडूनच ठेवायच्या.

(पुढील आठवड्यात : थायलेरिया, आणि संकरित गाईलाच तो जास्त का गाठतो)