लेसच्या नमुन्याचा आधारपट : निवडीची तत्त्वे

हाताने केलेल्या लेसला मागावरील ताण्याबाण्याची चौकट नसते. काम पुरे होईपर्यंत तिचा आकार सांभाळतो तो नमुना व त्याचा आधारपट. हा पट स्थिर असावा, आणि काम संपताच लेसला इजा न होता सुटावा, या दोन अपेक्षा मूलभूत होत.

सुईच्या लेसमध्ये नमुन्याखाली कापडाचे दोन पदर घेतात. बाह्यरेषेचा दोरा नमुन्यासह दोन्ही पदरांवर बारीक टाक्यांनी बसवून त्याच्या आधारे जाळी भरतात. शेवटी पदरांमधील टाके कापले की लेस मोकळी होते. बॉबिनच्या लेसमध्ये मात्र भोके पाडलेला नमुना उशीवर ठेवून टाचण्या रोवतात. लंडन मिशनरी सोसायटीच्या स्त्रियांनी 19व्या शतकाच्या पूर्वार्धात नागरकोइल येथे रुजविली ती हीच पद्धती. युरोपात यासाठी प्रथम चर्मपत्र व पुढे चकचकीत पुठ्ठा रूढ झाला.

तथापि रत्नागिरीसारख्या ठिकाणी हवामानाचा विचार अटळ ठरतो. तेथे जून ते सप्टेंबर या काळात हवा सतत दमट असते. चर्मपत्र व कागद ओलावा शोषून प्रसरण पावतात. कागद तर तंतूंच्या दिशेपेक्षा आडव्या दिशेने अधिक फुगतो. 300 मिलिमीटरचा नमुना एक टक्का वाढला, तर फरक 3 मिलिमीटरांचा होतो. भोकांतील अंतर दीड मिलिमीटर असल्यास ही दोन भोकांची चूक होय. रुमालाच्या किनारीचा शेवट आरंभाशी जुळावयाचा असल्याने ती झाकता येत नाही. पिष्ठाची खळ दिलेले आरेखनाचे पारदर्शक कापडही ओलाव्याने बिघडते व त्यावर बुरशी धरते.

यास्तव नमुन्यासाठी पॉलिएस्टरची पातळ फिल्म अधिक विश्वसनीय ठरते. कागदावर केवळ पारदर्शक चिकटपट्टी लावल्यास कडांतून व भोकांतून ओलावा शिरतच राहतो. सुईच्या लेसखाली घट्ट विणीचा, परंतु सुई सहज जाईल असा मांजरपाट योग्य. मात्र तो आधी धुवून त्याची खळ काढावी व तो आटवून घ्यावा. पांढऱ्या सुताखाली गडद रंग डोळ्यांस सोयीचा असला, तरी कच्चा रंग दमट हवेत सुतास लागतो. समुद्राकाठच्या हवेत लोखंडी टाचण्या गंजून डाग पाडतात. पितळी टाचण्यांना तो दोष नाही.

सारांश, आधारपट तयार लेसमध्ये दिसत नाही. परंतु त्यातील दोष मात्र लेसमध्ये कायम राहतो.