दोन कोकरांची मेंढी

रविवारी सकाळी लालबागेत मटणाच्या दुकानापुढे रांग लागते, त्या रांगेतला जुना माणूस आधी भाव विचारत नाही, आधी विचारतो, ‘कोवळं आहे का?’ आणि खाटीकही फार बोलत नाही, मांडीचा तुकडा फळीवर उलटा करून बोटानं दाबून दाखवतो. गिरण्या चालू होत्या तेव्हा खानावळीत जेवणारे सातारकडचे गडी रश्श्याचा पहिला भुरका मारून जनावर कोवळं की जून हे सांगायचे, आणि त्यावरून पंगतीत पैजा लागायच्या. आता मसाला लालबागचा असो की घरच्या उखळात कुटलेला, जून मटण काही त्यानं कोवळं होत नाही, हे घरोघरच्या बायांना चांगलं ठाऊक आहे. तर ऐसपैस बसा, कारण हे कोवळेपण कुठून येतं त्याची गोष्ट चुलीवर सुरू होत नाही आणि देवनारच्या बाजारातही नाही. ती सुरू होते मेंढीच्या पोटात, कोकरू जन्माला यायच्या कितीतरी आधी.

मांस म्हणजे बारीक बारीक तंतूंच्या जुड्या. गंमत अशी, की हे तंतू किती असणार हे कोकराच्या जन्माआधीच जवळजवळ ठरून गेलेलं असतं. मागावर ताणा एकदा लावला की कापड विणताना त्यात मधेच नवे धागे घालता येत नाहीत, हे गिरणगावातल्या माणसाला निराळं सांगायला नको, तसंच इथं. कोकरू बाहेर आल्यावर तंतू जाड होतात, लांब होतात, पण त्यांची गणती वाढत नाही म्हटलं तरी चालेल. मेंढी पाच महिने गाभण राहते आणि पोटातल्या कोकराचं बहुतेक वजन, साधारण सत्तर टक्के, शेवटच्या दीड महिन्यात भरतं. त्या दिवसांत आईला चारा मिळाला नाही तर बाळ हलकं येतं आणि पुढं कितीही खाऊ घातलं तरी काही उणेपण राहूनच जातं. मग जनावर वयात येतं, तंतूंच्या जुड्या बांधून ठेवणाऱ्या चिवट दोऱ्या आपसांत गाठी मारत जातात, आणि वय वाढेल तशा त्या गाठी शिजून सुटेनाशा होतात. खाटकाच्या बोटाला लागतं ते हे.

असल्या गोष्टी आपल्या परळलाच शिकवतात. बैलघोडा हॉस्पिटल म्हणून जे सगळ्या मुंबईला ठाऊक आहे, त्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यकाचं कॉलेज निघालं, आणि तेव्हापासून गुराढोरांचे डॉक्टर तिथून बाहेर पडताहेत. ट्रामच्या दिवसांत लंगडणारा घोडा त्या फाटकातून आत जाताना बघायला पोरं घोळक्यानं उभी राहायची. पण आज मला तुम्हाला परळहून पुढं न्यायचंय, घाट चढून, नीरा ओलांडून, साताऱ्याच्या फलटणला.

फलटणचा मुलूख पावसाच्या नावानं बोंब असलेला. तिथं धनगर दख्खनी मेंढी पाळतात. काटक, काळ्या-करड्या लोकरीची, मैलोन्‌मैल चालणारी, आणि सहसा एका वेळी एकच कोकरू देणारी. शेळीचं तसं नाही, आपली उस्मानाबादी शेळी जुळी देते ती सहज. मेंढीलाही जुळी का होऊ नयेत, हा ध्यास फलटणच्या बनबिहारी निंबकरांनी घेतला. त्यांनी १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. त्यांची लेक चंदा निंबकर, म्हणजे इरावतीबाई कर्व्यांची नात, आनुवंशिकीच शिकलेली, आणि मेंढ्यांचं हे काम तिनं पुढं नेलं.

आता इथं गोष्टीला एक लांबचा वळसा आहे, पण वळशाशिवाय ती कळायची नाही. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या गलबतात घालून ऑस्ट्रेलियाला नेल्या. सॅम्युएल मार्सडन नावाचे पाद्री तिथं मेंढ्या पाळत, त्यांच्या कळपात या मेंढ्या जुळी-तिळी देत असत. पुढं सगळं विसरलं गेलं. दीडशे वर्षांनी न्यू साउथ वेल्समध्ये बूरूला नावाच्या रानात सीअर्स बंधूंच्या मेरिनो मेंढ्या अशाच भसाभस कोकरं देऊ लागल्या, आणि १९५८ मध्ये हेलन न्यूटन टर्नर या मेंढ्यांच्या मोठ्या अभ्यासक बाईंनी त्यांतल्या काही सरकारी संशोधनाला मिळवल्या. बारकाईनं बघता बघता ध्यानात आलं की ही जादू नुसत्या एका जनुकाची आहे. २००१ साली ते जनुक सापडलं. त्यातलं एक अक्षर बदललेलं. पाचशेएक कणांची प्रथिनाची साखळी, तिच्यात २४९ व्या जागी ग्लुटामीन असायचं तिथं आर्जिनीन आलं, एवढंच! त्या एका कणापायी मेंढीच्या बीजकोशात एकाऐवजी दोन-तीन बीजं एकाच वेळी पिकतात. आणि मूळ शोधत गेले तर माग थेट सुंदरबनात, तिथल्या गरोळे नावाच्या बुटक्या मेंढीपाशी निघाला. चिखलात गुडघ्याएवढ्या पाण्यात चरणारी ती मेंढी भरून भरून दहा-बारा किलोची, पण तिला जुळी-तिळी होणं नेहमीचंच.

फलटणच्या लोकांनी गरोळे मेंढे आणले आणि दख्खनी मेंढ्यांवर सोडले. पण एवढ्यावर थांबले असते तर फसगत होती, कारण बुटक्याचं रक्त आलं की कोकरूही बुटकं, मग खाटीक त्याला काय देणार? म्हणून दर पिढीला पुन्हा दख्खनी मेंढी, पुन्हा दख्खनी मेंढी. गरोळेचं रक्त निम्मं, चौथाई, दोन आणे असं पातळ होत गेलं, आणि तरीही ते एक अक्षर मात्र हातचं जाऊ द्यायचं नाही. कोणत्या कोकरात ते उतरलंय हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तपासायचे. त्यात कर्नाटकातल्या बन्नूरची मांसल ठेवण मिसळली, दूध चांगलं उतरावं म्हणून पश्चिम आशियातली अवासी मिसळली. अशी जी जात उभी राहिली तिला ‘नारी सुवर्णा’ म्हणतात. दख्खनीला एक कोकरू, तर हिला सरासरी दीड-पावणेदोन. तिळं क्वचित होतात, आणि ते बरंच आहे, कारण मेंढीला सड दोनच असतात.

दूध का मिसळलं हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दोन कोकरं पोटात वाढली की दोन्ही हलकी येतात. मेंढीची वार अशी असते की आईच्या रक्तातलं रोगांविरुद्धचं बळ बाळाला पोटात मिळतच नाही. ते मिळतं चिकातून. दादर-गिरगावात ज्या चिकाचा खरवस आपण चवीनं खातो, तो चीक म्हणजे पिल्लाचं पहिलं कवच, आणि तोही पहिल्या चोवीस तासांत पोटात गेला तरच, कारण नंतर आतड्याची दारं मिटतात आणि ते बळ रक्तात शिरत नाही. जुळ्यांतलं धीट पोर आधी सडाला लागतं, दुसरं लुकलुकत उभं राहतं. ते मागं पडलं की मागंच. नुसतं जुळ्यांचं जनुक आणून भागत नाही, जुळ्यांचं दूधही आणावं लागतं, हे ज्यांना उमगलं त्यांच्या अकलेला मी मानतो.

जनुकांच्या करामती तऱ्हेतऱ्हेच्या. अमेरिकेत ओक्लाहोमात १९८३ मध्ये एक डॉर्सेट मेंढा निपजला, सॉलिड गोल्ड त्याचं नाव. त्याच्या पिल्लांचे पुठ्ठे असे भरत की बघणारा थबकावा. जन्मतात साध्या कोकरासारखी, आणि महिनाभरानं मागचं अंग फुगू लागतं. पण हा गुण बापाकडून आला तरच प्रकट होतो. आईकडून आला तर झोपून राहतो, आणि दोघांकडून आला तरीही झोपून राहतो! शेतकरी हरखले, पण मांस कापल्यावर कळलं की ते चामड्यासारखं चिवट. मेल्यावर मांस मऊ करणारी जी पाचकद्रव्यं असतात, त्यांना अडवणारा पदार्थ त्या कोकरांत जास्त बनतो. भरपूर मांस आणि खायला नको असं झालं, तेव्हा मंडळींनी तो नाद आवरला.

फलटणला तसं झालं नाही, कारण तिथं पुठ्ठ्याकडं न बघता कोकराकडं बघितलं गेलं. वाडा घेऊन लांब हिंडणारा धनगर अजून विचार करतो: दिवाळीनंतर रोज नवं रान, रात्री वाघरात मेंढरं, दोन-दोन कोकरं कोण सांभाळणार? घोड्याच्या पाठीवर आधीच भांडी आणि कोंबड्या. जो एका गावी टिकून राहतो, ज्याच्या दाराशी चार पेंढ्या चारा असतो, त्याला मात्र जुळी परवडतात. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात तो मेंढीला मूठभर भरडा जास्त घालतो. कळपात दोन-चार शेळ्या असतातच. ज्या कोकराला आईचं दूध पुरत नाही त्याला घरची बाई पहाटे शेळीच्या सडाला लावते, शेळी नाखूश असली तर तिचे पाय धरून. पोट तुडुंब भरेस्तोवर ती त्याला सोडत नाही, आणि तीन महिन्यांचं झाल्यावर तेच कोकरू बाजारात त्याच्या जुळ्याच्या बरोबरीनं वजनाला लागतं.