चीर जिथे, करवत तिथे

दोन मीटर व्यासाचा, सहा मीटर लांबीचा लाल सीडरचा ओंडका डोळ्यांसमोर आणा. वजन आठ-नऊ टन. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या ओल्या, धुकट किनारी जंगलांत असे बुंधे आजही मिळतात. तिथे या जातीचे सर्वांत दांडगे झाड सुमारे सहा मीटर व्यासाचे आहे. 'थुजा प्लिकाटा' हे त्याचे शास्त्रीय नाव. आपल्या बागांतल्या मोरपंखीचा हा अवाढव्य नातेवाईक. वादळात कोसळून शंभर वर्षे शेवाळाखाली पडलेल्या बुंध्याच्याही आतले लाकूड अनेकदा शाबूत निघते, कारण त्यातली थुजाप्लिसिनसारखी रसायने बुरशीला वाढू देत नाहीत.

पण बुरशीला रोखणारे हे लाकूड तडे रोखू शकत नाही. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाकडे पाहिले, तर मध्यापासून सालीकडे गेलेल्या चिरा दिसतात. काहींत सहज हात जाईल एवढ्या रुंद. त्या का पडतात, याचे उत्तर मला फार सुंदर वाटते.

लाकूड वाळताना सगळीकडे सारखे आकसत नाही. ओला लाल सीडर पूर्ण कोरडा झाला, की मध्यापासून सालीच्या दिशेने सुमारे 2.4 टक्के आकसतो आणि वलयांच्या दिशेने, म्हणजे घेरात, सुमारे 5 टक्के. आता हिशेब करा. आपल्या ओंडक्याचा घेर सुमारे 6.28 मीटर. त्रिज्या जेवढी आकसते तेवढाच घेरही आकसला असता, तर एकही चीर पडली नसती. पण घेराला त्याहून जवळजवळ 16 सेंटिमीटर जास्त आकसायचे असते! अखंड गोल राहून ते शक्यच नाही. म्हणून लाकूड कुठेतरी फाटते आणि 16 सेंटिमीटरची ती तूट चिरांमध्ये वाटली जाते. उघड्यावर वाळलेल्या ओंडक्यात हा आकडा कमी भरतो, इतकेच. आणि हे कमीत कमी आकसणाऱ्या लाकडांपैकी एक आहे, हे विसरू नका.

म्हणजे प्रत्येक मोठा ओंडका स्वतःच सांगतो, की मला कुठून उघडा. चांगला कारागीर करवत सुरू करण्याआधी बराच वेळ दोन्ही तोंडांपाशी घालवतो. सर्वांत रुंद चीर कोणती? ती दुसऱ्या तोंडाला त्याच कोनात निघते का? निघत असेल तर नशीब. खोडाला पीळ असेल, तर चीरही पिळासारखी फिरत जाते आणि लांब फळ्यांची आशा सोडावी लागते.

सहज हलवता येणाऱ्या फिरत्या पट्टाकरवतीत साधारण मीटरभर व्यासापर्यंतचाच ओंडका मावतो. त्यामुळे आपला दोन मीटरचा ओंडका आधी साखळी करवतीने फोडावा लागतो. आडव्या कापासाठी साखळीचे दात सुमारे 30 अंशांत घासतात. उभ्या चिरकामासाठी 10 अंशांच्या आसपास. सूत मारून मुख्य चिरेच्या रेषेत काप घ्यायचा, त्यात पाचरी ठोकत जायचे, आणि एका क्षणी तो डोंगर कडकड करत आपणहून उघडतो. अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करायचे. मधला भाग, जो जुन्या सीडरमध्ये बहुधा कुजका किंवा पोकळ असतो, काढून टाकायचा.

खरी युक्ती यापुढे आहे. ओंडका सरसकट थरांत चिरला, तर चिरा फळीमागून फळी आडव्या छेदत जातात. चतुर्थांश भागातून मध्याच्या रोखाने फळ्या काढल्या, तर चीर फळीला समांतर पडते; ती एखाददुसरी फळी खाते आणि बाकीच्या निर्दोष निघतात. अशा फळ्या वाळताना वाकतही कमी. साखळी करवत प्रत्येक कापात जवळजवळ सेंटिमीटरभर लाकडाचा भुसा करते, पट्टाकरवत दोन-तीन मिलिमीटरचाच. म्हणून शक्य तितके काम पट्टाकरवतीवर. तोंडावर मास्क हवाच: या भुशातल्या प्लिकॅटिक आम्लाने गिरणी कामगारांना दमा जडतो.

या किनाऱ्यावरच्या हैदा, नू-चा-नुल्थ आदी मूळ समाजांनी तर शेकडो वर्षे करवतीशिवाय फळ्या काढल्या. यू नावाच्या झाडाच्या लाकडाच्या आणि सांबरासारख्या हरणांच्या शिंगांच्या पाचरी ठोकून ते उभ्या, जिवंत झाडातून फळी सोलत, आणि झाड पुढे वाढत राही. व्हँकुव्हर बेटालगतच्या मिअर्स बेटावर अशा खुणा अंगावर असलेली झाडे आजही उभी आहेत. कोरीव उभे खांब करताना ते पाठीकडची बाजू पोखरून काढत. वजन घटे आणि तडेही कमी पडत. भेगेला हवी तिथे वळवणारे हे ज्ञान मला करवतीच्या शोधाहून थोर वाटते.

तुमच्या गावच्या जुन्या वाड्यात सागाचा चौकोनी खांब असेल, तर त्यावरची उभी भेग नीट पाहा. खांबाचे वरचे किंवा खालचे तोंड उघडे दिसत असेल, तर त्यावरची वलये शोधा. भेगेचा रोख वलयांच्या मध्याकडेच असतो.