कर्करोग प्रतिबंधाचा पाठ : विज्ञानाच्या तासाला

कर्करोगाचे नाव निघाले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे मोठ्या शहरातील रुग्णालय उभे राहते. न झेपणारा खर्च आणि हातून निसटलेली वेळ या गोष्टीही पाठोपाठ आठवतात. शाळेचा वर्ग मात्र कोणालाही आठवत नाही. वस्तुतः या रोगाविरुद्धच्या लढ्यातील एक महत्त्वाची आघाडी तेथेच आहे. तंबाखूची पहिली चिमूट आणि कर्करोगाचे निदान यांच्यात बहुधा दोन-तीन दशकांचे अंतर असते. रुग्णालयाचे काम या प्रवासाच्या अखेरीस सुरू होते. प्रवासाचा आरंभ मात्र अनेकदा शाळेच्या वयातच झालेला असतो.

ही गोष्ट आकड्यांनीही सिद्ध झाली आहे. २०१९ साली भारतात जागतिक युवक तंबाखू सर्वेक्षणाची चौथी फेरी पार पडली. त्या वेळी १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. धूरविरहित तंबाखूची सवय सांगणाऱ्या मुलांपैकी ५२ टक्के मुलांनी ती वयाच्या दहाव्या वर्षापूर्वीच उचलली होती. आठवीच्या वर्गातील पाठ काही मुलांपर्यंत उशिराच पोहोचतो, असा याचा अर्थ होतो. म्हणून या शिक्षणाची सुरुवात पाचवीपासून व्हावी आणि दहावीपर्यंत ते वयानुरूप वाढत जावे, हे उचित ठरेल.

विज्ञानाचाच तास का?

तंबाखूविरोधी दिन, प्रभातफेरी, घोषणा, शपथ हे कार्यक्रम शाळांना नवे नाहीत. त्यांचा उपयोग नाही असे म्हणता येणार नाही. परंतु शपथ घेताना मुलाला 'का' असे विचारता येत नाही. विज्ञानाच्या तासाला ते विचारता येते, किंबहुना विचारावेच लागते. ज्या गोष्टीचे कारण मुलाला उमगले, ती त्याच्या मनात टिकते. मित्रांच्या आग्रहापुढे उभे राहण्याचे बळही त्याला त्यातूनच मिळते.

शिवाय यासाठी नवा विषय किंवा वेगळे पाठ्यपुस्तक लागत नाही. पेशी व ऊती, आम्ल व आम्लारी, पचनसंस्था, सूक्ष्मजीव, लसीकरण हे घटक विज्ञानाच्या अभ्यासक्रमात आहेतच. त्या त्या घटकाशी कर्करोगाचा धागा जोडून दाखविणे एवढेच शिक्षकाने करावयाचे आहे.

पेशीपासून आरंभ

शरीरातील पेशी ठरावीक शिस्तीने विभागतात, झिजतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. ही शिस्त राखण्याच्या सूचना पेशीतील जनुकांत असतात. काही रसायने, किरणे किंवा विषाणू यांमुळे या जनुकांत बिघाड होतो. बहुतेक बिघाड शरीर दुरुस्त करते. परंतु वर्षानुवर्षे आघात होत राहिले, तर बिघाड साचत जातात. अखेरीस एखादी पेशी थांबण्याची सूचनाच जुमानीनाशी होते आणि तिची अनिर्बंध वाढ सुरू होते. यालाच कर्करोग म्हणतात. तो एका दिवसात होत नाही, हे फळ्यावरील साध्या आकृतीतूनही मुलांना समजते.

येथे वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : "आमचे आजोबा जन्मभर तंबाखू खात आले, त्यांना काहीच झाले नाही. असे कसे?" हा प्रश्न दडपून टाकू नये, तो उत्तम प्रश्न आहे. पावसाळ्यात भरल्या ओढ्यात उतरणारा प्रत्येक जण वाहून जातो असे नाही, पण म्हणून ओढा निर्धोक ठरत नाही. एका व्यक्तीच्या उदाहरणावरून निष्कर्ष काढता येत नाही, त्यासाठी अनेकांची नोंद ठेवावी लागते, हा विज्ञानाचा मूलभूत धडा या प्रश्नाच्या निमित्ताने देता येतो.

पुराव्यांची परंपरा

या धड्यासाठी इतिहासात भरपूर सामग्री आहे. धुराडी साफ करणाऱ्या कामगारांमध्ये विशिष्ट कर्करोग अधिक आढळतो आणि त्याचा संबंध काजळीशी आहे, हे १७७५ साली लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी दाखवून दिले. जपानमध्ये यामागिवा व इचिकावा यांनी सशाच्या कानाला दीर्घकाळ डांबर लावून प्रयोगाने कर्करोग निर्माण केला. त्यांचे हे काम १९१५ साली पुढे आले. १९५० मध्ये रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आकडेवारीने मांडला.

पुढे डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयींचा व आयुर्मानाचा पन्नास वर्षे मागोवा घेतला. धूम्रपान न सोडणाऱ्यांचे आयुष्य सरासरीने सुमारे दहा वर्षांनी घटते, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसून आले. त्याच अभ्यासानुसार तिसाव्या वर्षी सवय सोडणाऱ्यास ही दहा वर्षे जवळजवळ सर्व परत मिळतात, तर पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यास सुमारे सहा. हे आकडे देऊन विद्यार्थ्यांकडून आलेख काढून घेता येईल. 'आता सोडून काय उपयोग' असे म्हणणाऱ्या घरातील वडीलधाऱ्यांना त्या आलेखातूनच उत्तर मिळेल.

आपल्या राज्यातही या विषयावर मोलाचे काम झाले आहे. महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडाच्या तपासणीवर आधारलेला डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शी येथे सुरू झाली. नोंदणीबरोबरच तेथे गावोगावी रोगाची माहिती देण्यात आली. त्यामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा आधीच्या अवस्थेत तपासणीसाठी येऊ लागले, असे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. योग्य रीतीने दिलेली माहितीही प्राण वाचविण्याच्या कामी येते, याचे हे घरचे उदाहरण होय.

चुना, तंबाखू आणि लिटमस

तंबाखूविरोधी चित्रांत बहुधा सिगारेट दाखविली जाते. महाराष्ट्राचे वास्तव निराळे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करीत होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के होते. तेव्हा आपल्या वर्गातील पाठ चुना-तंबाखू, मावा, गुटखा आणि मशेरी यांविषयी असला पाहिजे.

तंबाखूत चुना का मळतात, हा प्रश्न आम्ल-आम्लारीच्या पाठात विचारता येतो. चुन्याच्या निवळीत तांबडा लिटमस कागद बुडविला की तो निळा होतो, म्हणजेच चुना आम्लारिधर्मी आहे. आम्लारिधर्मी माध्यमात तंबाखूतील निकोटीन मोकळे होते आणि तोंडाच्या श्लेष्मल त्वचेतून त्वरेने रक्तात जाते. त्यामुळे तलफ भागते आणि सवय जडते. कर्करोग घडविणारी नायट्रोसअमाइन ही रसायने मात्र तंबाखूतच असतात. ती पाने वाळविताना व मुरविताना तयार होतात. निकोटीन माणसाला पुन्हापुन्हा त्या पुडीकडे वळविते आणि ही रसायने त्या प्रत्येक वेळी पेशींवर आघात करतात. या प्रयोगासाठी चुना व लिटमस पुरेसे आहेत. वर्गात तंबाखू आणण्याचे कारण नाही.

सुपारीला अनेक घरांत निरुपद्रवी मानले जाते. तथापि तंबाखू नसलेली सुपारीदेखील मानवात कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले. सुपारीच्या सवयीने गालाच्या आतील त्वचा ताठर होते आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होते. तोंडात न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत बरा न होणारा व्रण, तीन बोटे उभी मावण्याइतके तोंड न उघडणे ही लक्षणे विद्यार्थ्यांना ठाऊक असावीत. कोणात असे काही आढळल्यास शिक्षकाने निदान करू नये अथवा वर्गासमोर त्याची वाच्यता करू नये. पालकांना विश्वासात घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी.

विषाणू आणि लस

सूक्ष्मजीव व लसीकरणाच्या पाठात दुसरा धागा सापडतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग मुख्यत्वे ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे होतो. हा संबंध उलगडल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे १६ व १८ क्रमांकाचे प्रकार अशा सुमारे ७० टक्के कर्करोगांस कारणीभूत असतात. त्याचा संसर्ग लैंगिक संबंधांतून होतो. हे वाक्य दहावीच्या वर्गात शास्त्रीय भाषेत, संकोच न करता सांगणे शक्य आहे. संसर्ग होऊन गेल्यावर लस तो दूर करू शकत नाही, म्हणून ती ९ ते १४ या वयातच देणे हितावह ठरते. सिक्कीम राज्याने २०१८ साली शाळांच्या माध्यमातून मुलींना ही लस दिली. पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेल्या भारतीय लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. मुलींपैकी ९० टक्क्यांना पंधरा वर्षांची होण्यापूर्वी लस मिळावी, हे जागतिक आरोग्य संघटनेचे २०३० पर्यंतचे उद्दिष्ट आहे.

मुलीला लस आणि आईला तपासणी, अशी ही जोडी आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेला मोठा अभ्यास झाला. या विषाणूसाठी एकदाच तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले, असे २००९ साली त्यातून सिद्ध झाले. हे वर्गात ऐकलेली मुलगी घरी जाऊन आईला तपासणीचा आग्रह धरू शकते.

भीती नको, दोषारोप नको

हा पाठ देताना काही पथ्ये पाळावी लागतील. भयंकर चित्रे दाखवून मुलांना घाबरवू नये, कारण भीतीने मूल एक तर डोळे मिटते किंवा थट्टा करू लागते. तंबाखू खाणाऱ्या आईवडिलांना वाईट ठरवू नये. मशेरी लावणारी आजी मुलाला जीवाहून प्रिय असते आणि तिची निंदा होताच ते शिक्षकाचे ऐकेनासे होते. कर्करोग स्पर्शाने वा एकत्र जेवणाने पसरत नाही, हे स्पष्ट सांगावे. ज्याच्या घरी रुग्ण आहे असे एखादे मूल त्या वर्गात बसलेले असू शकते. सगळेच कर्करोग टाळता येतात असाही समज होऊ देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ३० ते ५० टक्के कर्करोग टाळता येण्याजोगे आहेत. उरलेल्यांबाबत लवकर निदान हाच मार्ग आहे.

शिक्षकाच्या स्वतःच्या सवयीचाही येथे संबंध येतो. खिशात पुडी ठेवून हा पाठ शिकविता येत नाही. सवय सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

शाळेच्या फाटकाबाहेर

वर्गात मिळालेले ज्ञान फाटकाबाहेरील टपरीवर पुसले जाणार असेल, तर शिक्षकाचा श्रम वाया जाईल. येथे ग्रामपंचायतीची जबाबदारी सुरू होते. सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थ अधिनियम, २००३ अन्वये शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री करण्यास आणि १८ वर्षांखालील व्यक्तीस ते विकण्यास मनाई आहे. या कलमाच्या भंगास दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ७७ व्या कलमानुसार मात्र बालकास तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वडीलधाऱ्यांनी मुलाला पुडी आणावयास पाठविण्याची पद्धत किती घातक आहे आणि ती पुडी हातात ठेवणारा दुकानदार कोणती जोखीम पत्करतो, हे ग्रामसभेत वाचून दाखविण्यासारखे आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी घालण्यात आली, याचेही स्मरण द्यावे.

तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांसाठी केंद्र शासनाने २०१९ मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार शाळेभोवतीची १०० यार्डांची सीमा पिवळ्या रेषेने दर्शवावयाची आहे. ही रेषा आखण्याचे काम विद्यार्थ्यांकडेच सोपवावे. फीत घेऊन अंतर मोजणे आणि गावाचा नकाशा काढणे हाही विज्ञान-गणिताचा पाठच आहे. त्या रेषेच्या आत कोणती दुकाने येतात याची यादी शाळा व्यवस्थापन समितीने पंचायतीपुढे ठेवावी आणि पंचायतीने त्यावर काय केले, ते पुढील ग्रामसभेत सांगावे. आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी वर्षातून एखाद्या तासाला वर्गात यावे. शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी शाळाभेटीच्या वेळी या पाठाची विचारपूस करावी. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही.

आज आठवीच्या बाकावर बसलेला विद्यार्थी २०५० च्या सुमारास चाळिशीच्या उंबरठ्यावर असेल. त्याच्या खांद्यावर घरसंसार असेल आणि मुले शाळेत जात असतील. तोंडाच्या कर्करोगाने अनेक घरांचा आधार याच वयात हिरावून नेला आहे. तो आधार शाबूत राहावा म्हणून आज करता येण्यासारखी एक गोष्ट गावच्या शाळेच्या हाती आहे. फळा, खडू, चुन्याची निवळी आणि लिटमसचा कागद एवढ्या साधनांवर तिचा प्रारंभ या सत्रापासूनच करता येईल.