एकत्र तोलण्याची विद्या

तीन हलक्या वस्तूंची वजने करावयाची असता त्या एकेक करून पारड्यात घालाव्यात, हीच रीत कोणासही स्वाभाविक वाटेल. परंतु काट्याचा दोष वस्तूच्या भारावर अवलंबून नसून दर तोलाला सारखाच असेल, तर पहिली व दुसरी, दुसरी व तिसरी, तिसरी व पहिली अशा जोड्या तोलाव्यात, पहिल्या आणि तिसऱ्या जोडीच्या बेरजेतून दुसरी वजा करावी व बाकीची निमपट करावी, म्हणजे पहिल्या वस्तूचे वजन हाती येतेच, शिवाय तेवढ्याच तीन तोलांत त्यातील चूक सुमारे १३ टक्क्यांनी घटते. फ्रँक येट्स यांनी १९३५ साली सुचविलेला आणि हॅरल्ड होटेलिंग यांनी १९४४ साली पुढे नेलेला हा हिशेब पुढे प्रकाशाच्या मोजणीत रुजला.

वर्णपटातील किंवा सूक्ष्मदर्शकाखालील एकेका बिंदूचा प्रकाश स्वतंत्रपणे मोजण्याऐवजी, मध्ये झरोक्यांची एक पट्टी धरून त्यांपैकी निम्म्याहून किंचित अधिक उघडे ठेवावयाचे, साऱ्यांचा मिळून आलेला प्रकाश एकाच शोधकावर घ्यावयाचा, आणि दर खेपेस ती मांडणी एका घराने सरकवावयाची, अशी ही तजवीज आहे. २५५ झरोके असल्यास दर खेपेस १२८ उघडे राहतात, मापनेही २५५च होतात, आणि शोधकाच्या अंगचा दोषच प्रबळ असेल तर अचूकता सुमारे आठपट वाढते. मार्टिन हार्विट आणि नील स्लोन यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात या विद्येची साद्यंत मांडणी केली.

झरोक्यांची ही रचना ज्या चौकटीवरून येते ती केवळ धन व ऋण एककांनी भरलेली असते. फ्रेंच गणिती जाक हॅडामार्ड यांच्या १८९३ च्या निबंधामुळे तिला त्यांचे नाव मिळाले. येथे गणिती शरच्चंद्र श्रीखंडे यांचे स्मरण मला अगत्याचे वाटते. १९५९ साली, संदेशातील चुका हुडकणाऱ्या विशिष्ट संकेतमाला आणि हॅडामार्डच्या चौकटी यांचे अभेद्य नाते त्यांनी राजचंद्र बोस यांच्यासमवेत दाखवून दिले; पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झालेल्या या विद्वानाचे ते कार्य आपल्याकडे असावे तितके परिचित नाही.

मात्र अचूकता वाढविण्याच्या या लाभाला एक कठोर अट आहे, आणि ती दृष्टिआड करणे म्हणजे या विद्येवरच अन्याय करणे होय. फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकात, उत्तेजित रेणूंकडून येणारा प्रकाश इतका क्षीण असतो की फोटॉन जणू मोजून घ्यावे लागतात, आणि त्यांच्या येण्यातच जी स्वाभाविक अनियमितता असते ती कोणताही उत्तम शोधक नाहीशी करू शकत नाही. अशा वेळी झरोके एकत्र उघडले की तेजस्वी बिंदूंची अनियमितता मंद बिंदूंच्या वाट्यासही येते: सरासरीच्या दुपटीहून अधिक उजळ असलेल्यांनाच काही लाभ होतो, आणि पेशीच्या अंधाऱ्या कोपऱ्यातील जी अंधुक खूण शोधावयाची ती अधिकच बुडते.

तरीही एकत्र मोजून मागाहून वेगळे काढण्याचे हे संकेतन टाकून द्यावयाचे नाही. त्याच्याकडून काय मागावे एवढेच ठरवावयाचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील संशोधकांनी २०१३ साली ओळीतील प्रत्येक बिंदूला निराळ्या रेडिओ-वारंवारतेने लुकलुकणारा लेसर दिला आणि, आकाशवाणीची केंद्रे वेगळी करावीत तसे, एकाच शोधकाच्या विद्युत्प्रवाहातून सारे बिंदू वेगळे काढून, सेकंदाला ४,४०० चित्रे घेतली. तेथे मागणी शीघ्रतेची होती.

याच विद्येची रासायनिक विश्लेषणातील जी युक्ती मला सर्वांत मोहक वाटते ती जपानच्या क्यूशू विद्यापीठात १९९९ साली सिद्ध झाली. केसासारख्या बारीक नळीतून विद्युद्दाबाने वाहणाऱ्या रंगद्रव्यावर प्रखर लेसर सतत रोखलेला असतो, आणि त्याखालचे रेणू निस्तेज होऊन जातात. झरोक्यांच्या उघडझापीसारख्याच एका संकेतमालेनुसार तो प्रकाश क्षणभर अडविला म्हणजे तेवढाच भाग तेज राखून पुढे सरकतो. या तुकड्यांतील घटक आपापल्या गतीने मागेपुढे होत एकमेकांत मिसळतात, नळीच्या टोकाशी नुसती गुंतागुंतीची नोंद उमटते, आणि ती त्याच संकेतमालेने उलगडली की प्रत्येक घटकाचे शिखर वेगळे, स्वच्छ उभे राहते.